काकतालीय न्याय आणि आपण सुशिक्षित

कावळा ताडावर येऊन बसावा, त्याच क्षणी ताडाचे पिकलेले फळ गळून पडावे, आणि पाहणाऱ्याने ते कावळ्यानेच पाडले असे समजावे. अशा योगायोगास आपल्या पूर्वसूरींनी काकतालीय न्याय हे नाव दिले आहे. मराठीत तोच कावळा फांदीवर बसतो आणि फांदी मोडते. ही म्हण ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. परंतु म्हण ठाऊक असणे निराळे आणि ऐन प्रसंगी ती आठवणे निराळे. एका गोष्टीमागून दुसरी घडली, सबब पहिलीमुळेच दुसरी घडली, ही समजूत मनुष्याच्या बुद्धीत इतकी खोल रुजलेली आहे की ती उपटण्यास नुसती म्हण पुरत नाही. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत या समजुतीपायी माणसे प्राणास मुकली आहेत. यास्तव हा विषय तर्कशास्त्राच्या वर्गात कोंडून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

21 ऑगस्ट 2021 रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) या गावी काही वृद्ध स्त्रीपुरुषांना करणी-भानामतीच्या संशयावरून भर चौकात बांधून मारहाण झाली. मे 2024 च्या आरंभी गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा येथे, याहून भयंकर प्रकार घडला. गावातील मृत्यूंचा दोष एका स्त्रीवर व एका पुरुषावर ठेवून त्या दोघांना जाळून मारण्यात आले. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात 2013 पासून आहे. कायदा असूनही हे घडले. असल्या आरोपांची घडण बहुधा एकच असते. घरात कोणी आजारी पडते. आजारापूर्वी अमुक बाई दारावरून गेली होती, किंवा तिच्याशी बोलाचाली झाली होती, असे कोणास तरी आठवते. आणि आठवलेली गोष्ट आजाराचे कारण ठरते. ती बाई त्याच दिवशी आणखी वीस दारांवरून गेली आणि तेथे कोणास काही झाले नाही, हे कोणी मोजीत नाही. फांदी न मोडता उडून गेलेल्या कावळ्यांची गणती कोण ठेवतो?

येथवर वाचून आमचे सुशिक्षित वाचक एक सुस्कारा टाकतील आणि म्हणतील, "अडाणी लोक! दुसरे काय?" आमचे भांडण आहे ते नेमके या सुस्काऱ्याशी. हे लोक चेटूक का मानतात, असे विचारले तर उत्तर मिळते, अडाणी आहेत म्हणून. अडाणी कशावरून, असे विचारले तर उत्तर मिळते, चेटूक मानतात म्हणून. नैयायिक यास अन्योन्याश्रय म्हणत. दोन लंगड्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहावे तशी ही दोन विधाने उभी असतात. दिवाणखान्यात ती मोठी समंजस दिसतात. परंतु त्यांच्यात माहितीचा कणही नाही. ज्या मुलखात महाराष्ट्रातील हिवतापाचा सर्वांत मोठा भार वर्षानुवर्षे साठत आला आहे, जेथे पावसाळ्यात नाल्यांना पूर आला म्हणजे गावेच्या गावे तुटतात, तेथे मूल कशाने मेले हे सांगणारा वैद्य वेळेवर पोहोचला नाही, तर कारणाची रिकामी जागा कोण भरून काढणार, हा खरा प्रश्न आहे. तो प्रश्न 'अडाणी' या एका शब्दाने आपण बुजवून टाकतो.

कोणी म्हणेल, गावकऱ्यांचा कैवार घेऊन तुम्ही खुनाला सबब शोधता. तसे मुळीच नाही. खून तो खूनच, आणि त्याची शिक्षा कायद्याने झालीच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की त्या गावकऱ्यांची बुद्धी ज्या पायरीवरून घसरली, त्याच पायरीवरून आपण पदवीधर मंडळी रोज घसरत असतो. आपल्या घसरण्याचा आवाज होत नाही, कारण हाड मोडते ते बहुधा दुसऱ्याचे.

पुढे जाण्यापूर्वी शास्त्राची थोडी उजळणी करणे इष्ट आहे. हेतू नसून हेतूसारखा जो भासतो तो हेत्वाभास. गौतमाच्या न्यायसूत्रांत असे पाच हेत्वाभास सांगितले आहेत. त्यांखेरीज शब्दांच्या कसरतीचे तीन छल निराळे. तिकडे ॲरिस्टॉटलाने तेरा तर्कदोषांची यादी केली. म्हणजे चुकीचा विचार कसा ओळखावा याचे ज्ञान आपणांस कोणी परक्याने प्रथम शिकवले असेही नाही, आणि ते केवळ आपलेच होते असेही नाही. न्यायशास्त्राने आणखी एक बारीक भेद केला आहे. सत्य कळावे म्हणून दोघांनी केलेली चर्चा तो वाद. काहीही करून जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडीत बसणे ती वितंडा. आज आपण ज्यास सरसकट 'वाद' म्हणतो त्यातला फार थोडा भाग या कसोटीस उतरेल.

आता चंद्रपूरच्या दारूबंदीचा प्रश्न घ्या. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती व्हावी म्हणून डिसेंबर 2010 मध्ये स्त्रिया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून बंदी लागू झाली आणि 27 मे 2021 रोजी मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. या सहा वर्षांत जिल्ह्यातील प्रत्येक ओसरीवर, कचेरीत आणि वकिलांच्या खोलीत जो युक्तिवाद ऐकू येई तो असा: बंदीनंतर दारूचे गुन्हे वाढले, सबब बंदी फसली.

हा युक्तिवाद नीट उलगडून पाहा. 31 मार्च 2015 रोजी जी विक्री परवान्याने होत होती, तीच विक्री दुसऱ्या दिवशी गुन्हा झाली. कृत्य तेच, नाव बदलले. ज्या दिवशी एखादे कृत्य गुन्ह्यांच्या यादीत चढते त्या दिवसापासून गुन्ह्यांची संख्या वाढणारच. तिच्यावरून पिणारे वाढले की घटले, बायकांना होणारी मारहाण वाढली की घटली, याचा काहीच बोध होत नाही. किंबहुना पोलिसांनी कसून काम केले तर गुन्हे अधिक नोंदले जातात आणि काणाडोळा केला तर कमी. म्हणजे बंदीची अंमलबजावणी जितकी चांगली, तितकी बंदी फसल्याचा 'पुरावा' भक्कम! असला पुरावा ज्या पक्षाला चालतो त्या पक्षाने पुराव्याचे नाव न घेतलेले बरे.

परंतु बंदीच्या कैवाऱ्यांची झाडाझडती घेतली नाही तर आम्ही वाद सोडून जल्प करीत आहोत असा आरोप आमच्यावरच येईल. "जिल्ह्यातील दुकाने बंद झाली, परवान्याचा खप शून्यावर आला, सबब दारू सुटली," हे त्यांचे अनुमान त्याच जातीचे होते. परवान्याचा खप म्हणजे सगळी दारू नव्हे; नदीपलीकडून येणारी आणि मोहाच्या भट्टीतून निघणारी दारू त्या हिशेबात नसते. "बंदी उठवा म्हणणारा तो दारूविक्रेत्यांचा हस्तक," हे दुसरे. एखादा मनुष्य विक्रेत्याकडून पैसे घेत असेलही. त्यावरून त्याची साक्ष जपून तपासावी इतकेच ठरते, त्याचे विधान खोटे ठरत नाही. "चोरी थांबत नाही म्हणून चोरीचा कायदा रद्द कराल काय?" हा तिसरा प्रश्न सभेत टाळ्या मिळवतो. परंतु चोरीत ज्याची वस्तू जाते तो स्वतः फिर्याद घेऊन धावतो. दारूच्या व्यवहारात देणारा व घेणारा दोघेही राजी असतात आणि ज्या घराला झळ लागते ते घर भीतीने गप्प असते. दाखला ज्या अंगाने जुळतो त्याच अंगापुरता तो घ्यावा.

मग निवेदनांची संख्या आली. अमुक बाजूने इतकी निवेदने, तमुक बाजूने तितके ठराव. लोकांची इच्छा काय आहे, या प्रश्नाला संख्या हे उत्तर होऊ शकते. लोकशाहीत त्या उत्तराला मान आहे आणि तो असावाच. परंतु बंदीने दारू घटली काय, हा प्रश्न वस्तुस्थितीचा आहे. बहुमताने पृथ्वी सपाट होत नाही, तद्वत बहुमताने दारूड्याची दारूही सुटत नाही. दोन निराळ्या प्रश्नांना एकच उत्तर चिकटवणे हाच येथे दोष होय.

तर मग बंदी चांगली की वाईट? हा लेख तो निकाल देण्यासाठी लिहिलेला नाही; तथापि निकाल कोणत्या वाटेने लागू शकतो हे सांगितल्यावाचून पुढे गेलो तर आमच्यावर वितंडेचा दोष येईल. ती वाट तुलनेची. बंदी असलेला गडचिरोली व बंदी असलेला वर्धा एकीकडे, बंदी नसलेला यवतमाळ व नागपूर दुसरीकडे, आणि मध्ये चंद्रपूर: अशी मांडणी निसर्गाने आणि कायद्याने आयती करून ठेवली होती. बंदीपूर्वी आणि बंदीनंतर, या जिल्ह्यात आणि त्या जिल्ह्यात, घरोघर जाऊन तेच प्रश्न विचारले असते तर काही उमगले असते. आमच्या ओसरीवर मात्र आकडा एकच फिरत राहिला, गुन्ह्यांचा. आणि तोही एकाच जिल्ह्याचा.

ही तुलनेची वाट पुस्तकी आहे, अरण्यात ती चालत नाही, असे म्हणणारे भेटतात. त्यांना गडचिरोली जिल्ह्यातच उत्तर मिळून गेले आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तेथे नवजात अर्भकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी अर्भकांची काळजी घेण्याची व्यवस्था केली, आणि 47 गावे तुलनेसाठी तशीच ठेवून दोहोंकडचे जन्म व मृत्यू मोजले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, या गावांतील अर्भकमृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी उतरले. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. समजा, ती 47 गावे मोजलीच नसती. मग कोणीही म्हणू शकला असता की पाऊसपाणी बरे झाले, रस्ते झाले, म्हणून मुले वाचली. आणि त्यास उत्तर देता आले नसते. कावळ्याने फळ पाडले की नाही हे ठरवायचे तर कावळा न बसलेले ताडही पाहावे लागतात. ज्या स्त्रियांनी हे काम केले त्या शहरातल्या नव्हत्या, जंगलाच्या गावच्या होत्या. 'अडाणी' हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्यांचे स्मरण करावे.

आता छलाचे एक उदाहरण. न्यायग्रंथांत 'नवकंबल' हा दाखला प्रसिद्ध आहे. याच्यापाशी नव कंबल आहे, म्हणजे नवे कांबळे आहे, असे एकाने म्हणावे. दुसऱ्याने 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ करून, नऊ कोठे, एकच तर दिसते, असे हिणवावे. हा वाक्छल पोरकट वाटतो. परंतु याच छलाने गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षे अडकून पडला होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवताच्या कुळातले. 1927 च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्या कायद्यापुरता त्यास 'वृक्ष' या व्याख्येत बसवले. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज असल्याचे आणि त्यावर ग्रामस्थांचा हक्क असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्कही मिळाला. गावाने बांबू विकण्यासाठी वाहतुकीचा परवाना मागितला, तेव्हा उत्तर आले की बांबू हा वृक्ष आहे! एका कायद्यातल्या व्याख्येने दुसऱ्या कायद्यातल्या हक्काची पायमल्ली झाली. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन वाहतुकीच्या परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. आणि 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो 2017 च्या दुरुस्तीने. वाचकहो, हा छल करणारे अंगठेबहाद्दर नव्हते. इंग्रजीत टिपणे लिहिणारे होते. आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे करारान्वये जाणाऱ्या बांबूच्या वाटेत हे 'वृक्षत्व' कधी आडवे आल्याचे ऐकिवात नाही.

सव्यभिचार नावाचा हेत्वाभास याहून अधिक घातक. पर्वतावर अग्नी आहे, का, तर पर्वत हा ज्ञेय पदार्थ आहे, असे कोणी म्हटल्यास आपण हसू. कारण तळेही ज्ञेयच आहे आणि तळ्यात अग्नी नाही. जो हेतू दोन्ही पक्षी सापडतो त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आता हे ऐका: नक्षलवादी सूरजागडच्या लोहखाणीस विरोध करतात, अमुक गावकरी खाणीस विरोध करतो, सबब तो नक्षलवाद्यांचा माणूस. डिसेंबर 2016 मध्ये सूरजागडावर नक्षलवाद्यांनी वाहनांचा ताफा जाळला हे खरे. तो गुन्हाच होता. परंतु ज्याचे देवस्थान त्या पहाडावर आहे तोही विरोध करतो, ज्याच्या शेतात लाल गाळ येण्याची धास्ती आहे तोही करतो. विरोध हा हेतू दोहोंकडे आढळतो. म्हणून तो निरुपयोगी. हाच दोष उलट्या बाजूसही आहे: खाणीचे समर्थन करणारा तो कंपनीचा दलाल, हे म्हणताना खाणीवर रोजगाराची आशा ठेवणाऱ्या तरुणाचे तोंड बंद केले जाते. शहरात अशा शिक्क्याने मनुष्य फार तर एका मेजवानीस मुकतो. अरण्यातल्या गावात त्या शिक्क्याने एकीकडून पोलीस दारात येतात आणि दुसरीकडून बंदूकवाले.

शेवटचे उदाहरण आपल्या अगदी घरचे आहे. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. अशी बातमी आली की सुशिक्षित घरात एक प्रश्न ठरलेला: "वाघ आहे हे ठाऊक असता जंगलात गेल्याच कशाला?" प्रश्न वरकरणी बिनतोड; परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरून पोटात लपवली आहे, ती अशी की जाणे न जाणे त्यांच्या मर्जीवर होते. उन्हाळ्यातला तेंदू व मोह हा तेथील कित्येक कुटुंबांच्या वर्षाच्या रोकडीचा मोठा आधार असतो. जे सिद्ध करायचे तेच प्रश्नात कोंबून ठेवणे हा साध्यसमाचा भाऊबंद होय. शिवाय हेच आपले कुटुंब नाताळच्या सुटीत पैसे मोजून ताडोब्याच्या जंगलात त्याच वाघाच्या दर्शनास जाते, तेव्हा 'जाता कशाला' असे कोणी विचारीत नाही. हौसेने जाणाऱ्याचे ते निसर्गप्रेम आणि पोटासाठी जाणारीचा तो अविचार: ही दोन मापे कोणत्या शास्त्रात बसतात?

हे सर्व सांगत असता एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. हेत्वाभासांची नावे पाठ झाली की नवशिक्या तार्किकास ती दगडासारखी फेकण्याचा मोह होतो. समोरच्याच्या बोलण्यात एक दोष सापडला की त्याचे सारे म्हणणे खोटे पडले, असे तो मानू लागतो. हाही एक हेत्वाभासच. वाईट कारण देऊन मनुष्य खरी गोष्ट सांगू शकतो. बंदी उठवण्यासाठी दिलेले कारण लंगडे होते म्हणून बंदी उपयुक्त होती असे ठरत नाही. आणि चेटकाचा आरोप खोटा म्हणून गावातले मृत्यू खोटे ठरत नाहीत. मूल खरोखरच मेलेले असते. खोटे कारण काढून घेतले तर त्याच्या जागी खरे कारण आणून देण्याची जबाबदारी काढून घेणाऱ्यावर येते. ती पत्करायची नसेल तर आपले तर्कपांडित्य वितंडेहून निराळे नाही.

ही जबाबदारी कोणाची, असे कोणी पुसेल. त्या तालुक्यांत शिक्षक आहेत, तलाठी आहेत, ग्रामसेवक, वैद्य, वकील, पत्रकार आहेत. बहुतेकांची शिक्षणे आपल्यासारख्याच घरांत झालेली असतात, आणि पुष्कळांची मुलेबाळे आपल्याच शेजारी राहतात. ओसरीवर ज्यास "कशावरून?" असे विचारण्याची सवय लागली नाही, तो चौकात जमावापुढे ते विचारील ही आशा व्यर्थ आहे. यास्तव आमची विनंती अगदी घरगुती आहे. जेवताना, चहाच्या वेळी, वर्तमानपत्र वाचताना कोणी 'अमुक झाल्यावर तमुक झाले' असे म्हणाले, की घरातल्या लहानानेसुद्धा तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत: अमुक न होताही तमुक कोठे झाले आहे काय? अमुक होऊनही तमुक कोठे झाले नाही काय? आणि मोजले कोणी? वडीलधाऱ्यांनी या प्रश्नांना उद्धटपणा समजू नये. जे मूल घरात आजोबांना हे प्रश्न विचारू शकते, ते मोठेपणी नोकरीच्या गावी, एखाद्या म्हाताऱ्या बाईभोवती माणसे जमू लागली असता, पुढे होऊन तेच प्रश्न विचारण्याचा संभव आहे. त्या बाईस त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही पांडित्याचा उपयोग नसतो.